गाविलगड वाचायचा कसा: नागपूरहून जाणाऱ्यांसाठी

नागपूरहून चिखलदऱ्याला गेलेला माणूस पॉइंट बघतो, कॉफी पितो आणि परतताना तासभर गाविलगडावर डोकावतो. दोन दरवाजे, एखादी तोफ, पडकी मशीद. बाहेर पडताना तोंडी एकच प्रश्न असतो: जवळजवळ सपाटीवरून चालत आत शिरता येतं, मग हा किल्ला अवघड कसला? प्रश्न रास्त आहे, फक्त तो चुकीच्या बाजूला उभं राहून विचारलेला असतो. चिखलदरा गडाच्या उत्तरेच्या अंगाला आहे आणि उंचीतही फारसा फरक नाही. म्हणजे पर्यटक गडाच्या सगळ्यात दुबळ्या बाजूने आत येतो. १८०३ साली इंग्रजांच्या तोफाही याच अंगाने आल्या होत्या.

म्हणून गाविलगड बघायचा क्रम उलटा करावा लागतो: आधी कागद, मग खालून दक्षिणेचा कडा, मग उत्तरेचा तट, मग दरवाजे आणि शेवटी आतल्या इमारती. एका दिवसात हे बसत नाही. दीड दिवस काढा.

घरून निघण्याआधी: एक पान, सहा तारखा

वहीच्या पहिल्या पानावर सहा वर्षं लिहा आणि प्रत्येकापुढे चार बोटं जागा मोकळी सोडा.

१४२५: बहमनी सुलतान अहमदशाह वली याने गाविल बांधला आणि नरनाळा दुरुस्त केला, असं दख्खनचा फारसी इतिहासकार फरिश्ता सांगतो. या वाक्यात दोन क्रियापदं आहेत, त्यांत गल्लत करू नका. नरनाळा (अकोटजवळचा गड) आधीपासून होता, गाविलचा दगडी तट मात्र त्याच्या मते नवा. गवळी राजांनी मातीचा गड घातला ही कथा किल्ल्याच्या नावातून येते. आसा अहिराचा असीरगड हीही तशीच कथा. सातपुड्यात गुरं राखणाऱ्यांची वस्ती जुनी आहे, पण त्यावरून तटाचा एकही दगड गवळ्यांच्या नावे लावता येत नाही. ही नोंद वेगळ्या शाईत ठेवा.

१४८८: फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याची दुरुस्ती. हा वऱ्हाडचा बहमनी सुभेदार. दोनच वर्षांनी, १४९० मध्ये, तो स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली.

१५७७: अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाचा किल्लेदार बहराम खान याने बुरूज बांधला. वऱ्हाड निजामशाहीत आलं १५७४ मध्ये.

१५९८: मुघल. १५९६ मध्ये चांदबीबीने वऱ्हाड सोडलं होतं, तरी हा गड हाती यायला पुढची दोन वर्षं गेली.

१८०३: नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांनी जिंकला, तारीख १५ डिसेंबर. गड भोसल्यांकडे अठराव्या शतकाच्या मध्यापासून होता.

१८५८: इंग्रजांनीच तटबंदी निकामी केली.

आता १४८८ आणि १५७७ यांच्या आजूबाजूची वर्षं पुन्हा बघा. एक काम बंडाच्या दोन वर्षं आधीचं, दुसरं ताबा मिळाल्यावर तीन वर्षांनी. गडाची डागडुजी निवांतपणी क्वचितच होते. कोणाला तरी कोणाची तरी धास्ती असते तेव्हा चुना भिजतो. गडावर नवं बांधकाम दिसलं की त्या वर्षी मालक कोण होता हे विचाराच, पण त्याला भीती कोणाची होती हे आधी विचारा.

कागदांसाठी नागपूर सोडायची गरज नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपुरातच, सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत आहे. देशभरातल्या फारसी लेखांचं वाचन जिथून होतं ते ठिकाण आपल्या गावात आहे हे बऱ्याच नागपूरकरांना माहीत नसतं. तिच्या प्रकाशित अंकांत लेखाचा मूळ मजकूर, भाषांतर आणि तो कुठल्या दगडावर आहे हे सापडतं. भोसलेकालीन आणि इंग्रजी कागदांसाठी राज्य पुराभिलेख विभागाचं नागपूर कार्यालय आहे. विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाचं ग्रंथालय आणि विदर्भ संशोधन मंडळ ही आणखी दोन दारं. अमरावती जिल्ह्याचा १९११चा गॅझेटिअर आधी वाचा, पण तिथेच थांबू नका. नेटवर फिरणाऱ्या बऱ्याच मजकुराचं मूळ तोच आहे, त्याच्या चुकांसकट.

शोधताना नावांची रूपं हाताशी ठेवा: गाविल, गावील, गवळीगड, इंग्रजी कागदांत गाविलघूर. अचलपूरचं एलिचपूर किंवा इलिचपूर. फारसीत 'ग' आणि 'क' यांच्या अक्षरांत एका रेघेचाच फरक असतो आणि जुने लेखनिक ती रेघ बऱ्याचदा गाळतात, म्हणून 'काविल' असं वाचलेलं दिसलं तरी दचकू नका.

तारखांचं गणित

गडाच्या अभ्यासात सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. हिजरी ८९३ घेतलं तर गुणाकार येतो ८६६.२१, त्यात ६२२ मिळवले की १४८८. हिजरी ९८५ केलं की १५७७. नुसते ५७९ किंवा ५८० मिळवायची सवय काहींना असते. ती आजच्या सालाला चालते, पंधराव्या शतकात मात्र उत्तर पंधरा-सोळा वर्षांनी चुकतं, कारण चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असतं आणि फरक साचत जातो. आणखी एक: हिजरी ८९३ हे १४८७च्या डिसेंबरात सुरू होऊन १४८८च्या डिसेंबरात संपतं. लेखात महिना नसेल तर वहीत '१४८७-८८' लिहिणंच खरं.

मराठी कागदांत तीन प्रकारची सालं भेटतील. शके असेल तर ७८ मिळवा. दख्खनी फसली म्हणजे महसुली सन असेल तर ५९०. सुहूर म्हणजे अरबी सन असेल तर ५९९, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी वर्ष बदलत असल्याने जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना ६००. गाविलगड पडला तो डिसेंबर १८०३ म्हणजे शके १७२५, फसली १२१३, सुहूर १२०४. सुहूर सन आकड्यांत न लिहिता अक्षरी लिहितात: 'अर्बा मयातैन व अलफ'. अर्बा चार, मयातैन दोनशे, अलफ हजार. मोडी वाचणारा सोबत असला तरी ही अरबी अंकनावं पाठ असलेली बरी.

फारसी लेखात कधी साल आकड्यांत नसतंच. ते शेवटच्या ओळीतल्या अक्षरांच्या किमतीत दडवलेलं असतं. पद्धत तीच, जिने बिस्मिल्लाची बेरीज ७८६ येते. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४ असं पुढे. कवीने कुठला शब्द मोजायचा हे त्याच ओळीत सूचित केलेलं असतं. एक अक्षर चुकीचं वाचलं तर साल दोनशे वर्षं इकडेतिकडे जाऊ शकतं, म्हणून फोटोवरून स्वतः बेरीज करून नवा शोध जाहीर करायची घाई नको. छापील वाचनाशी ताडून बघा.

जायचं कधी, न्यायचं काय

नागपूर ते चिखलदरा साधारण २३० किलोमीटर. अमरावतीपर्यंत दीडशेच्या आसपास, पुढे परतवाडा पन्नास आणि तिथून घाटाने तीस. गणेशपेठच्या बसस्थानकावरून अमरावती, तिथून परतवाडा आणि चिखलदरा अशी एसटी बदलत जाता येतं. पहाटे निघालात तर तर्री-पोहे वाटेत कुठेतरी होतील आणि अकराच्या आत परतवाड्याला पोचाल.

पावसाळ्यात जाऊ नका. धुक्यात दहा पावलांवरचा बुरूज दिसत नाही आणि इथल्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची, शेवाळलेली पायरी साबणासारखी होते. ऑक्टोबरात हिरवळ सुंदर दिसते, पण गवत कमरेइतकं असतं, त्यात तटाची पायरेषा बुडते, उघड्या विहिरी दिसत नाहीत आणि सापही दिसत नाहीत. तट वाचायला उत्तम काळ जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. गवत वाळून बसलेलं असतं, सूर्य कललेला असतो आणि उजेड तिरपा पडतो.

सामान थोडकं: ३० मीटरचा फीता, दहा-दहा सेंटिमीटरवर काळे-पांढरे पट्टे मारलेली एक मीटरची काठी, हातात धरायचा चांगला टॉर्च, पेन्सिल आणि चौकटीची वही, माणशी तीन लिटर पाणी. होकायंत्र नेलंत तर ते दगडावर ठेवून वाचू नका. बेसॉल्टमध्ये लोहाचं खनिज असतं, सुई काही अंश सरकते. लोखंडी तोफेजवळ तर ती भलतंच सांगेल. छातीच्या उंचीवर धरा आणि दोन जागांवरून ताडून घ्या. फोनमधल्या होकायंत्रालाही हेच लागू.

गड मेळघाटच्या जंगलात आहे. प्रवेश, शुल्क आणि वेळ वनखातं ठरवतं आणि त्यात बदल होतात. आदल्या दिवशी चिखलदऱ्यात चौकशी करून घ्या. अस्वल आणि बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे अंधारापूर्वी बाहेर. दरवाज्यांच्या कमानीत आणि कड्याला आग्या मोहोळ असू शकतं. वर बघितल्याशिवाय कमानीखाली थांबू नका, विडी-सिगारेट नको, अत्तर नको.

आधी खालून बघा

परतवाड्याहून घाट चढण्यापूर्वी अर्धा तास खालीच काढा. अचलपूरच्या मैदानातून उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. मैदान समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि गडाचा माथा अकराशेच्या वर. म्हणजे सातशे मीटरची भिंत समोर उभी आहे. ही भिंत माणसाने नाही बांधली. पूर्णेच्या खोऱ्याच्या कडेने जमिनीत एक लांबलचक भंग आहे, भूगर्भशास्त्रात तो गाविलगड भंग म्हणूनच ओळखला जातो. उत्तरेचा सातपुडा उंच राहिला, दक्षिणेचं वऱ्हाड खाली. कडा त्यातून आला.

आता वहीत दोन बाण काढा. एक दक्षिणेला: अचलपूर, वऱ्हाडची कापसाची काळी जमीन, राजधानी, महसूल. दुसरा उत्तरेला: तापीचं खोरं, बऱ्हाणपूर, असीरगड, तिथून दिल्लीची वाट. गड या दोन बाणांच्या मध्ये बसला आहे. अचलपूरवर राज्य करणाऱ्याला पाठीशी तिजोरी आणि पळून जायला जागा हवी होती, ती ही. नकाशा न बघता नुसता गड बघणाऱ्याला हे कळत नाही आणि मग 'जंगलात एवढा खर्च कशाला केला' असं वाटत राहतं.

दक्षिणेच्या कड्यावर तट कुठे बारीक आहे आणि कुठे मुळीच नाही ते दुर्बिणीतून बघा. जिथे खडक सरळ तुटलेला आहे तिथे बांधणाऱ्याने दगड वाया घालवलेला नाही. तटाची जाडी हीच बांधणाऱ्याच्या धास्तीची मोजपट्टी आहे, आणि ती उत्तरेला सर्वांत जास्त भरते.

उत्तरेचा तट आणि १८०३

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. गडाच्या रचनेचं चांगलं वर्णन तो जिंकणाऱ्याच्याच पत्रात आहे. आर्थर वेलस्लीने १५ डिसेंबर १८०३ रोजी गव्हर्नर जनरलला कळवलं त्याचा मथितार्थ असा: आतला किल्ला दक्षिणेकडे तोंड करून, जिथे खडक सर्वांत उभा आहे. बाहेरचा किल्ला त्याला वायव्येकडून आणि उत्तरेकडून झाकतो. बाहेरच्या किल्ल्यापुढे, लबाडा गावाच्या बाजूला, तिसरा तट. दरवाजे तीन: दक्षिणेचा, जिथे फक्त माणूस चढू शकतो. वायव्येचा, ज्याची वाट पश्चिमेच्या अंगाने लांबवर गडाच्या माऱ्याखालून येते. आणि उत्तरेचा, जिथे जमीन गडाच्या पातळीला आहे.

हे तीन तट आणि तीन दरवाजे वहीत आधीच काढून न्या आणि जागेवर एकेक जुळवा. सरकारी पाट्यांवरची नावं आणि स्थानिक नावं (शार्दूल दरवाजा, दिल्ली दरवाजा, फतेह दरवाजा) यांची पत्रातल्या 'पहिला, दुसरा, तिसरा' यांच्याशी सांगड घालताना दिशा धरा. नाव बदलतं, दिशा बदलत नाही. दिल्ली दरवाजा उत्तरेच्या वाटेवर असणार हे नावच सांगतं.

मग घटनाक्रम जमिनीवर चालून बघा. २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली, भोसल्यांची फौज मागे हटली. कर्नल स्टीव्हनसनच्या तुकडीने ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत डोंगरातून सुमारे ३० मैलांची वाट तोफा ओढत पार केली आणि लबाड्याला पोचली. वेलस्ली स्वतः दक्षिणेला राहिला, लक्ष विभागायला. १३ला मारा सुरू झाला, १४च्या रात्री खिंडार पडलं, १५ला सकाळी हल्ला झाला. दोन महिन्यांचा वेढा नव्हे, तीन दिवस. रसद तोडायची वेळच आली नाही, म्हणून आतली तळी, कोठारं, दाणागोटा या लढाईत कामाचा ठरला नाही.

खिंडार पाडणाऱ्या मोर्च्यात १८ पौंडी दोन आणि १२ पौंडी तीन लोखंडी तोफा होत्या. १८ पौंडी गोळा म्हणजे साधारण आठ किलो, व्यास १२-१३ सेंटिमीटर. तटावर गोळ्याच्या खुणा शोधताना हे माप हाताशी ठेवा. बेसॉल्टवर गोळा आदळला की उथळ वाटीसारखा टवका उडतो, गोळ्याहून रुंद, कडा चिरफळलेल्या. गोल आणि गुळगुळीत भोक दिसलं तर ती गोळ्याची खूण नव्हे. ते बहुधा लाकडी वासा बसवण्याचं किंवा खाणीत सुरुंगाची पहार मारल्याचं भोक असतं. खिंडार पाडताना तोफ तटाच्या पायथ्याकडे रोखतात, वरचा भाग आपोआप कोसळून उतरण तयार होते. त्यामुळे खिंडाराची जागा ओळखायची ती ढिगाऱ्यावरून: मधोमध खोलगट, दोन्ही बाजूंना तट शाबूत, आणि दगड पुढेही आणि आतही पसरलेले. किल्ला तहानंतर पुन्हा भोसल्यांकडे आला होता, त्यामुळे बुजवलेलं खिंडारही असू शकतं हे लक्षात ठेवा. तिथे दगडांचे थर दोन्हीकडच्या थरांशी जुळत नाहीत आणि सांधा उभा, नागमोडी दिसतो.

बाहेरचा तट पडल्यावरही गड पडला नव्हता. आतल्या किल्ल्याचा दरवाजा अरुंद घळीतून होता, हल्ला तिथे अडला. शेवटी कॅप्टन कॅम्बेलच्या हलक्या पायदळाने शिड्या लावून आतला तट चढला आणि दरवाजा आतून उघडला. लेफ्टनंट कर्नल केनी जखमी होऊन पुढे मेला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. ही घळ स्वतः उतरून चढून बघा, सामानासकट. पत्रात दोन ओळींत संपलेलं अंतर पायांना बरंच मोठं लागतं. एवढं ध्यानात असू द्या की वेलस्लीचं पत्र जमिनीबद्दल चोख आहे, आतल्या माणसांबद्दल जवळजवळ मुकं. शिबंदीतल्या बायकामुलांचं काय झालं यासाठी इतरांच्या आठवणी आणि जोहाराच्या कथा चाळाव्या लागतात, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक-बालासोर इंग्रजांना, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाला. गाविलगड आणि नरनाळा मात्र दुसऱ्या रघूजी भोसल्यांकडे राहिले. सीताबर्डीच्या १८१७च्या लढाईनंतर तेही टिकलं नाही. १८२२च्या तहाने किल्ला निजामाकडे आणि १८५३ मध्ये वऱ्हाडासोबत इंग्रजांच्या हाती गेला.

दरवाजे: शिल्प आणि शिलालेख

दरवाज्यावर सिंह आहेत, दोन डोक्यांचा पक्षी म्हणजे गंडभेरुंड आहे, त्याच्या पकडीत हत्ती आहेत. इथे हमखास निष्कर्ष निघतो: 'मूळ दरवाजा हिंदू राजाचा, सुलतानांनी नंतर लेख कोरला.' थांबा. गंडभेरुंड विजयनगरच्या चिन्हांतला, आणि फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे विजयनगरकडच्या कानडी हिंदू घरातला, लहानपणी युद्धात पकडलेला आणि मुसलमान म्हणून वाढवलेला. त्याने आपल्या दरवाज्यावर हे चिन्ह घातलं यात नवल नाही. शिल्पावरून धर्म आणि कमानीवरून राज्यकर्ता ठरवायची घाई दख्खनमध्ये नेहमी अंगाशी येते. टोकदार कमान मराठ्यांनीही सर्रास बांधली आहे.

शिल्प मूळचं की दुसरीकडून आणून बसवलेलं हे ठरवायला चार गोष्टी बघा. शिल्प कमानीच्या दोन्ही खांद्यांवर सारख्या उंचीवर आहे का? त्याच्या चिऱ्याची उंची शेजारच्या थराइतकीच आहे का? दगडाचा रंग आणि टाकीचे घाव जुळतात का? की शिल्प आडवं, उलटं किंवा अर्धं कापलेलं आहे? पहिल्या तिन्हींना होय आणि चौथ्याला नाही आलं, तर ते दरवाज्यासोबतच बसवलेलं आहे.

लेखाचा फोटो भर दुपारी काढू नका, अक्षरं सपाट होतात. सकाळी किंवा सूर्य उतरल्यावर, नाहीतर सावलीत टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. तिन्ही फोटो एकाच जागेवरून, कॅमेरा न हलवता. चौकटीत पट्ट्यांची काठी हवी. अक्षरांत खडू भरणं, तेल लावणं, पाणी मारणं, घासणं यांतलं काहीही नको. ठसा घ्यायला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. ड्रोनलाही लागते.

दरवाज्यातून जाताना खाली आणि वरही बघा. उंबऱ्याच्या दगडात आणि वरच्या पट्टीत फळीच्या खुंटाची खोबण असते, आतल्या भिंतीत अडसराची खोल चौकोनी भोकं. एका बाजूचं भोक दुसऱ्याहून बरंच खोल असतं, कारण दार उघडं असताना अख्खा अडसर त्यातच ढकलून ठेवत. यावरून दार कुठल्या बाजूने बंद होत होतं, म्हणजे आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे पडक्या दरवाज्यातही कळतं.

तटाचे थर

तट म्हणजे दोन दर्शनी भिंती आणि मधे दगड-चुन्याचा भराव. दर्शनी चिरे लोकांनी उचलून नेले की भराव उघडा पडतो, आणि तो ओबडधोबड भाग 'सगळ्यात जुना' म्हणून दाखवला जातो. तो जुना नाही, नागडा आहे. खात्री करायची असेल तर भरावाच्या टोकाला, जिथे दर्शनी चिरे उरलेत तिथपर्यंत चालत जा. भराव चिऱ्यांच्या मागे सलग शिरताना दिसेल.

खरा कालक्रम सांध्यावर कळतो. दोन भिंती भेटतात तिथे चिरे एकमेकांत गुंतलेले असतील तर त्या एकाच वेळच्या. एक दुसरीला नुसती टेकलेली असेल आणि मधे सरळ फट असेल तर टेकलेली नंतरची. बुरूज तटाला टेकलाय की गुंतलाय, हे प्रत्येक बुरुजाशी दोन्ही बाजूंनी बघा. नोंदीत 'प्राचीन', 'यादवकालीन' असं लिहू नका. 'अ तटाला ब बुरूज टेकलेला' असं लिहा. नाव द्यायचं काम नंतर घरी.

उंची मोजायला वर चढू नका. काठी उभी रोवा आणि तिची सावली मोजा, लगेच तटाची सावली मोजा. एक मीटर काठीची सावली ८० सेंटिमीटर आणि तटाची ६.४ मीटर, तर तट ८ मीटर. पायथा सपाट नसेल तर हे फसतं. तिथे चिऱ्यांचे थर मोजा, खालच्या पाच थरांची सरासरी काढून गुणा.

आत

मशिदीचा दर्शनी भाग सात कमानींचा. मागचा बराच भाग पडला आहे, कोपऱ्यावर दगडी जाळीची छत्री बघण्यासारखी. महालांच्या भिंतींवर पाच मिनिटं पुरेत. तळ्यांना मात्र वेळ द्या. डोंगरी गडावर तळं आणि खाण यांचं नातं असतं: तटाला दगड काढला, खड्डा उरला, त्यात पाणी साठवलं. काठाच्या खडकात पाचरांच्या ओळीत मारलेल्या खोबणी दिसल्या तर ही खाणच होती. तळ्याचं पाणी पिऊ नका, अंघोळीला उतरू नका.

पडझड कोणी केली हेही नोंदवा. १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले होते. त्यांच्या हाती बळकट जागा पडू नये म्हणून इंग्रजांनी गड निकामी केला. माणसाने निकामी केलेल्या तटाच्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे कंगोरे, लांबवर सलग गायब असतात, पाया शाबूत असतो. वड-पिंपळाने पाडलेला तट एकाच जागी पोट काढून फुटलेला असतो, भेगेत मुळं असतात. पाण्याने पाडलेला वरून खाली ओघळलेला, चुना धुऊन गेलेला. जिथे खणलेले ताजे खड्डे दिसतील ते गुप्तधनवाल्यांचे. तिथे हात लावू नका, फोटो आणि जागा पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाला कळवा. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सुटा पडलेला चिरा जरासा हलवून फोटोसाठी सरळ करणं हीसुद्धा नासधूसच.

परतल्यावर

त्याच रात्री वही पक्की करा, दोन दिवसांनी 'टेकलेला' आणि 'गुंतलेला' यांत गोंधळ होतो. प्रत्येक नोंदीला तीन रकाने: जागेवर काय दिसलं, कागद काय म्हणतो, स्थानिक माणूस काय सांगतो. तिसऱ्या रकान्यातलं पहिल्यात जाऊ देऊ नका. कीचकाला भीमाने मारलं म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा, हे तिसऱ्या रकान्यात. चिरे गुंतलेले की टेकलेले, हे पहिल्यात.

पुढच्या थंडीत अकोटच्या उत्तरेला नरनाळ्यावर जाल तेव्हा हीच वही न्या. तिथला महाकाली दरवाजाही फतहुल्लाच्याच काळातला, गाविलच्या दुरुस्तीच्या आगेमागे बांधलेला. बंडापूर्वी दोन्ही गडांवर एकदम चुना का भिजला, याचं उत्तर दोन दरवाज्यांचे फोटो शेजारी ठेवून शोधता येईल. मधल्या काळात सराव हवा असेल तर रामटेकजवळचं नगरधन अर्ध्या दिवसात होतं. ते सपाटीवर आहे, पण अडसराची भोकं आणि टेकलेले बुरूज मोजायला तेवढं पुरतं.